किती झाले आपले?

१९ ऑगस्ट २०१२, रविवार. पिट्सबर्गला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. खालच्या मजल्यावर घरमालक राहायचे, वर आम्ही दोघं विद्यार्थी. मी बेळगावचा, रूममेट धारवाडचा. डाळ शिजत टाकून मी खाली पायऱ्यांवर येऊन बसलो, तर घरमालक आधीपासून तिथे होते. शेजारी एक जुना रेडिओ, त्यावर बेसबॉलची मॅच. पिट्सबर्ग पायरेट्स सेंट लुइसला जाऊन खेळत होते. दुपारी सुरू झालेला खेळ अंधारून आलं तरी चाललेला. बेसबॉल नऊ इनिंगांचा, पण बरोबरी झाली म्हणून हात मिळवून घरी जायची रीत तिथे नाही. कुणीतरी पुढे जाईपर्यंत खेळत राहायचं. त्या दिवशी एकोणीस इनिंगा झाल्या, सहा तासांहून जास्त वेळ गेला आणि शेवटी पायरेट्स ६-३ ने जिंकले. घरमालकांनी रेडिओ बंद केला, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “वी वन.”

मी त्या ‘वी’पाशी अडलो. तेव्हा मी इंग्रजी ऐकून मनातल्या मनात मराठी करून घ्यायचो, आणि हे वाक्य मराठीत जाईना. ते ‘आम्ही जिंकलो’ म्हणाले की ‘आपण जिंकलो’? ‘आम्ही जेवलो’ म्हटलं तर समोरचा पंगतीबाहेर. ‘आपण जेवू’ म्हटलं की त्याचंही पान मांडलेलं. इंग्रजीला हा भेद नाही. वर जाऊन रूममेटला विचारलं, तर कन्नडमध्येही एकच ‘नावु’. तो म्हणाला, समोरच्याला घेतलं की वगळलं ते बोलण्याच्या सुरावरून समजून घ्यायचं. घरमालकांचा सूर ओळखण्याइतकी ओळख तेव्हा नव्हती. पण ‘आपले कोण’ हा प्रश्न माझ्यासाठी नवा नव्हता. मी तो घरूनच घेऊन आलो होतो.

माझे बाबा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लाकडाचा पॅटर्न करायचा, वाळू दाबून त्याचा साचा घ्यायचा, साच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. बाबांच्या नखांत लाकडाचा भुसा आणि कपड्यांना भट्टीचा वास कायम असायचा. आमचं घर अनगोळात, वरच्या मजल्यावर कन्नड शाळेतले एक मास्तर भाड्याने राहायचे. त्यांची मुलं आणि मी एकाच बॅटने खेळलो. रविवारी लेले मैदानावर जायचो. तिथे टीम पाडताना कुणी भाषा विचारली नाही, बॅट कुणाची ते विचारलं. वर्षाच्या एका दिवशी मात्र बाबा काळा शर्ट घालून संभाजी उद्यानाकडे सायकल फेरीला जायचे. तो दिवस १ नोव्हेंबर. १९५६ साली त्या दिवशी आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. मास्तर त्याच दिवशी कर्नाटक राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा घेऊन शाळेत जायचे. संध्याकाळी दोघंही घरी परतत आणि जिन्यात भेटले तर एकमेकांना “जेवण झालं काय?” एवढंच विचारत. त्या दिवसापुरतं त्यापलीकडे काही बोलायचं नाही, हे दोघांनी कधी ठरवलं असेल असं वाटत नाही. ते तसं होतं, इतकंच.

बाहेरच्या माणसाला सीमाभाग म्हटलं की मोर्चे, फाटलेले फलक आणि बंद एसट्या दिसतात. ते खरंच आहे, आणि बाबांची तक्रारही खरी आहे. आपल्या भाषेत सातबारा मिळावा, दवाखान्यातला कागद वाचता यावा, यात चुकीचं काय आहे हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा दावा २००४ चा. बाबांचं उभं आयुष्य त्या दोन तारखांना ओलांडून गेलं. पण रोजचं जगणं मोर्चात होत नाही. ते त्या जिन्यात होतं.

क्रिकेटमध्ये हा प्रश्न बरीच वर्षं झाकून राहिला. आमच्या लहानपणी भारताच्या संघात कुंबळे, श्रीनाथ, प्रसाद होते आणि सचिनही होता. निवडायची वेळच यायची नाही. द्रविड तर घरात मराठी बोलणारा आणि कर्नाटकाकडून खेळणारा. बाबा आणि मास्तर, दोघांचाही तो हक्काचा माणूस होता. तो बाद झाला की वरून आणि खालून एकाच वेळी ‘च्च’ ऐकू यायचं.

घरमालकांनी तो प्रश्न सरळ विचारला. सप्टेंबरातली संध्याकाळ होती, पायरेट्स पुन्हा हरू लागले होते. म्हणाले, “तुझ्या गावची टीम कोणती?”

मी आधी भारत म्हटलं. ते म्हणाले, देश नव्हे, गाव. मग मी बराच वेळ बोललो. आमच्या गावची पोरं रणजीला कर्नाटकाकडून खेळतात, आमचा रोनित मोरे हा वेगवान गोलंदाज त्यांच्यातलाच. पण गावातले निम्मे लोक वर्तमानपत्रात आधी महाराष्ट्राचा स्कोअर बघतात. आमचे पणजोबा, आजोबा, बाबा एकाच घरात जन्मले, तरी आजोबांनी मुंबई राज्य पाहिलं, बाबांनी म्हैसूर राज्यही पाहिलं आणि १९७३ नंतरचं कर्नाटकही पाहिलं. घरमालक मान हलवत ऐकत होते. त्यांचे आजोबा आता स्लोव्हाकियात असलेल्या एका खेड्यातून पोलादाच्या कामासाठी इथे आले होते. ते निघाले तेव्हा ते खेडं ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, पुढे चेकोस्लोव्हाकियात गेलं, १९९३ पासून स्लोव्हाकियात आहे. “खेडं मात्र नदीकाठी होतं तिथेच आहे,” ते म्हणाले. अमेरिकेत मला हा विषय समजावून सांगावा लागला नाही असा तो एकच माणूस. कोण बरोबर, कोण चूक, हे त्यांनी विचारलंच नाही.

पण माझं उत्तर राहून गेलं, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. “तोवर पायरेट्स घे,” असं म्हणून त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

घ्यायला ती टीम काही सोपी नव्हती. २०१२ साली ती ७९ जिंकली आणि ८३ हरली. जिंकण्यापेक्षा हरणं जास्त असं ते सलग विसावं वर्ष होतं. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत एवढी लांब रांग दुसऱ्या कुठल्याच संघाच्या वाट्याला आलेली नव्हती. आणि बेसबॉल आपल्या क्रिकेटसारखा सणासुदीला येत नाही. एका हंगामात १६२ मॅच असतात. एप्रिल ते सप्टेंबर जवळपास रोज. म्हणजे ही माणसं वीस वर्षं, वर्षातले सहा महिने, रोज संध्याकाळी रेडिओ लावून बसली आणि बहुतेक वेळा हरून झोपायला गेली. वीस वर्षांपूर्वीची, जिंकत्या काळातली ती शेवटची रात्र घरमालकांना चेंडूगणिक पाठ होती. १४ ऑक्टोबर १९९२, अटलांटा. शेवटच्या इनिंगला उतरताना पायरेट्स २-० ने पुढे. मग अटलांटाने त्या दोन्ही धावा फेडल्या, आणि तिसरी, निर्णायक धाव काढायला धावत सुटला तो सिड ब्रीम. गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेला, अख्ख्या मैदानातला बहुधा सर्वांत हळू धावणारा गडी, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत पायरेट्सचाच. तो घसरत घसरत पोचला. ३-२. सांगताना घरमालक उजवा तळवा जमिनीजवळ नेऊन इंचभराचं अंतर दाखवायचे. एवढ्याने. त्यात ब्रीमबद्दल राग नसायचा. “तो आमच्यातलाच होता ना,” म्हणायचे.

होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात ते अठराव्या वर्षी लागले. १९८६ साली तो कारखाना बंद झाला तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. शेजारीपाजारी काम शोधत दुसऱ्या राज्यांत गेले. गावातून भट्ट्यांचा धूर गेला, माणसं गेली, आणि पुढच्या काही वर्षांत टीमही हरायला लागली. हे सगळं ते एकाच दमात सांगायचे. मी बाबांचं काम सांगितलं तेव्हा त्यांनी वाळू कुठली वापरता, कोळसा कुठून येतो, अशा चौकशा केल्या. मी मटेरियल सायन्सचा विद्यार्थी, पण त्या प्रश्नांची उत्तरं मला बाबांना फोन करून विचारावी लागली. बाबांनी ती इतक्या तपशिलात दिली की मला वहीत उतरून घ्यावी लागली. मग उलट त्यांनीच विचारलं, “त्यांची ती टीम काय म्हणते?”

त्या ऑक्टोबरात घरमालक मला एका भिंतीपाशी घेऊन गेले. पिट्सबर्गच्या ओकलंड भागात विद्यापीठाच्या इमारतींच्या मधे विटांची, वेल चढलेली एक जुनी भिंत उभी आहे. पायरेट्सचं जुनं मैदान, फोर्ब्ज फील्ड, तिथे होतं. मैदान पाडलं, पण भिंतीचा एवढा तुकडा ठेवला. १३ ऑक्टोबर १९६० ला याच मैदानाच्या भिंतीवरून बिल मॅझेरोस्कीने मारलेला चेंडू बाहेर गेला आणि पायरेट्सनी न्यूयॉर्कच्या बलाढ्य यांकीजना सातव्या सामन्यात १०-९ ने हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली. सातही सामन्यांच्या धावा मिळवल्या तर यांकीजच्या ५५, पायरेट्सच्या २७. तरी कप पिट्सबर्गला. दरवर्षी त्या तारखेला लोक भिंतीपाशी घडीच्या खुर्च्या घेऊन येतात आणि त्या मॅचचं रेडिओ समालोचन पहिल्यापासून लावतात, अशा बेताने की तो फटका बरोबर त्याच वेळी, ३ वाजून ३६ मिनिटांनी बसावा. काय होणार हे प्रत्येकाला बावन्न वर्षं ठाऊक आहे. तरी आवाज चढला तशी माणसं उभी राहिली. घरमालक १९६० साली चौदा वर्षांचे होते. त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता आणि ते भिंतीच्या वरच्या कडेकडे बघत होते.

आमच्या गावातही दरवर्षी १७ जानेवारीला हुतात्मा चौकात माणसं जमतात. १९५६ साली सीमालढ्यातल्या गोळीबारात गेलेल्यांना हार घालतात, डोकं टेकवतात. बाबांचं बोट धरून मी लहानपणापासून तिथे गेलो आहे. तारीख धरून एकत्र जमायचं ते दुःखासाठी, हेच मला माहीत. आनंदाचीही अशी वर्षानुवर्षं राखण करता येते, हे मी त्या भिंतीपाशी पहिल्यांदा पाहिलं आणि का कोण जाणे, तिथे मला बाबांची फार आठवण आली.

त्या गावाने आपलं मानलेला सगळ्यांत मोठा माणूस बाहेरचाच होता. रोबेर्तो क्लेमेंते पोर्तो रिकोचा, मातृभाषा स्पॅनिश. सुरुवातीला वर्तमानपत्रं आणि खेळाडूंची कार्डं त्याला ‘बॉब’ म्हणत. तो म्हणत राहिला, माझं नाव रोबेर्तो. १९७१ साली वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर दूरचित्रवाणीचा कॅमेरा समोर आला तेव्हा त्याने इंग्रजी बोलायच्या आधी स्पॅनिशमध्ये आपल्या आईवडिलांचा आशीर्वाद मागितला. सगळ्या अमेरिकेसमोर. पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरला त्याचा तीन हजारावा हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, झाला. ३१ डिसेंबर १९७२ ला भूकंप झालेल्या निकाराग्वाकडे मदत घेऊन निघालेलं विमान समुद्रात पडलं आणि क्लेमेंते गेला. हिशेब तीन हजारावरच थांबला. आज मैदानाकडे जाणाऱ्या पुलाला त्याचं नाव आहे, आणि मैदानाची उजवीकडची भिंत त्याच्या पाठीवरच्या आकड्याएवढी म्हणजे २१ फूट उंच बांधली आहे. बेळगाव, बेळगांव, बेलगाम, बेळगावी अशा नावांच्या ओढाताणीत वाढलेल्या माणसाला ‘माझं नाव रोबेर्तो’ हे वाक्य किती आतपर्यंत जातं, ते मी त्या पुलावर उभा राहून घरमालकांना सांगायचा प्रयत्न केला. माझं इंग्रजी तेवढं पुरलं नाही.

एकदा ते म्हणाले, “तुमची दोन पोरंही होती आमच्याकडे.” मला ठाऊकच नव्हतं. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, बनारसकडची भालाफेक करणारी दोन मुलं. एका स्पर्धेतून त्यांना निवडलं आणि २००८ साली पायरेट्सनी करारावर घेतलं. मोठ्या संघापर्यंत ती पोचली नाहीत. पण घरमालकांना त्यांची नावं पाठ होती, आणि मला ‘तुमची पोरं’ म्हणताना बनारस ते अनगोळ हे अंतर त्यांनी एका क्षणात पुसून टाकलं होतं.

२०१३ साली टीम जिंकू लागली. मी तेव्हा प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत काम करायचो, आणि कानात रेडिओ असायचा. १ ऑक्टोबरला वाइल्ड कार्डची, हरलं की बाहेर अशी एकच मॅच घरच्या मैदानावर आली. एकवीस वर्षांनी गावात बाद फेरी, समोर सिनसिनाटी. घरमालकांनी दोन तिकिटं काढली आणि सांगितलं, काळे कपडे घालून ये. सगळं मैदान काळं दिसायला पाहिजे असं गावाने ठरवलं होतं.

माझ्याकडे एकच काळा शर्ट होता. बाबांचा. येताना आईने थंडीत आत घालायला म्हणून बॅगेत टाकला होता. तो घालून मी क्लेमेंते पुलावरून चालत गेलो. मॅचच्या दिवशी तो पूल गाड्यांना बंद असतो, सगळी माणसं पायी. पुढे काळे, मागे काळे, हजारो माणसं, आणि सगळे हसत होते. काळ्या कपड्यांची गर्दी मी आयुष्यभर पाहिली आहे. त्या गर्दीत घोषणा असतात, कडेला पोलीस असतात, आणि घरी परत येईपर्यंत आईचा जीव टांगणीला लागलेला असतो. पुलाच्या मधोमध माझे पाय थांबले. घरमालकांना वाटलं, मला उंचीची भीती वाटते. त्यांनी हात धरून मला पुढे नेलं.

दुसऱ्या इनिंगमध्ये सिनसिनाटीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जॉनी क्वेतो याच्या नावाचा लांबलचक पुकारा सगळ्या मैदानाने सुरू केला. क्वे...तो, क्वे...तो. त्याच्या हातातून चेंडू निसटून खाली पडला. मैदान गरजलं. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने आपल्या षटकारासारखा होमरन मारला. ६-२. घरमालकांनी मला मिठी मारली आणि कानात ओरडले, “वी वन!” या वेळी मी काही भाषांतर केलं नाही. पुढच्या फेरीत सेंट लुइसने पाचव्या सामन्यात हरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालक पायऱ्या झाडत होते. म्हणाले, “वी लॉस्ट,” आणि झाडत राहिले.

महिन्याने, १ नोव्हेंबरला, बाबांचा फोन आला. फेरीहून नुकते परतले होते, आवाज दमलेला. मी त्यांना त्यांच्या शर्टाची गोष्ट सांगितली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जपून ठेव तो. धुताना आवळू नको.”

आणि मग जानेवारी २०१४. रणजी करंडकाचा अंतिम सामना हैदराबादला: कर्नाटक विरुद्ध महाराष्ट्र.

हे दोघं अंतिम सामन्यात समोरासमोर येतील अशी कल्पना आमच्या गावात कुणी केली असेल असं मला वाटत नाही. महाराष्ट्राने शेवटचा करंडक जिंकला तो १९४०-४१ साली, प्रा. दि. ब. देवधरांच्या काळात. या हंगामात गतविजेत्या मुंबईला वानखेडेवर हरवून ते पुढे आले होते. केदार जाधवने हंगामात १२२३ धावा काढल्या, त्या वर्षी देशात सगळ्यांत जास्त. कर्नाटकाचा शेवटचा करंडक १९९८-९९ चा. हैदराबादला सकाळी साडेनऊला खेळ सुरू होतो तेव्हा पिट्सबर्गला आदल्या रात्रीचे अकरा वाजलेले असतात. २८ जानेवारीच्या रात्री, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, स्वयंपाकघरात एक हीटर, टेबलावर एक लॅपटॉप आणि क्रिकइन्फोचं पान. समोर धारवाडचा मित्र. चहा ओतताना त्याने सहज विचारलं, “नी यार कडे?” तू कोणाकडे?

‘कडे’ हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच. मला तेवढाच ऐकू आला आणि उत्तर दोन्ही भाषांत नव्हतं. तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि त्याने तो प्रश्न परत कधीच विचारला नाही. पाच रात्री आम्ही एका टेबलावर बसलो. महाराष्ट्राची विकेट पडली की तो टेबलाखाली मूठ आवळायचा, टेबलावर नाही. मला ती दिसायची.

बाबांचा फोन रात्री अडीचच्या सुमाराला यायचा. त्यांची फाउंड्रीतली जेवणाची सुट्टी. कँटीनमधल्या टीव्हीवर मॅच चालू असायची, मागून कन्नड-मराठी मिळून गलका. पहिल्या दिवशी महाराष्ट्राची बॅटिंग होती. “आपले टिकलेत बघ,” बाबा म्हणाले. मला बरं वाटलं. निदान त्यांचं तरी ठरलेलं आहे. महाराष्ट्राच्या ३०५ झाल्या. मग कर्नाटकाची बॅटिंग आली. राहुल नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराने १३१ काढल्या, गणेश सतीशने ११७, आणि धावा चढत चढत ५१५ वर गेल्या. त्या रात्री बाबांचा फोन: “आपल्या पोरांनी पाचशे केले की रे!”

मी विचारलं, “बाबा, आपल्या म्हणजे कुणाच्या?”

पलीकडे कँटीनचा गलका तसाच चालू. कुणीतरी त्यांना कन्नडमध्ये हाक मारली, त्यांनी कन्नडमध्येच ‘आलो’ म्हणून सांगितलं. मग मला म्हणाले, “झोपला नाहीस काय अजून? उद्या कॉलेज आहे की नाही?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा समज होता की घोळ फक्त माझ्याच मनात आहे, परदेशी आल्यामुळे झालेला. दर १ नोव्हेंबरला काळा शर्ट घालणारा, न्यायालयाची प्रत्येक तारीख पंचांगासारखी लक्षात ठेवणारा माणूस कर्नाटकाच्या पाचशे धावांना ‘आपल्या’ म्हणतो, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. हक्क मागायचा तो मागतच राहायचं, आणि ज्या पोरांना मैदानावर वाढताना पाहिलं त्यांना आपलं म्हणायचं. दोन्ही गोष्टी बाबांच्या पोटात एका जागी राहत होत्या. त्यांनी त्या कधी वेगळ्या मांडून दाखवल्या नाहीत, कारण त्यांना तसं कुणी विचारलंच नव्हतं. जगाने त्यांना नेहमी ‘कुणाकडे’ एवढंच विचारलं.

महाराष्ट्राने दुसऱ्या डावात ३६६ काढल्या. कर्नाटकाला १५७ हव्या होत्या. पाचवा दिवस रविवारचा, बाबा घरी. आईने नंतर सांगितलं की वरचे मास्तर सकाळीच खाली येऊन बसले होते. कितीतरी वेळ कुणी बोललं नाही, दोनदा केलेला चहा दोनदा निवला. तीन विकेट गेल्या तेवढ्याच, कर्नाटक सात विकेटांनी जिंकलं. इकडे माझ्या मित्राने दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. “गेद्वी,” एवढंच, हळू आवाजात. जिंकलो. कन्नडमध्ये समोरचा त्यात आहे की नाही ते सुरावरून समजून घ्यायचं असतं. मी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि मला रडू आलं, महाराष्ट्र हरला म्हणून. दोन्ही एकाच वेळी झालं, आणि दोन्हीही खरं होतं.

फोनवर बाबा आधी म्हणाले, “हरले की रे आपले.” थोड्या वेळाने, आईच्या तब्येतीचं, माझ्या परीक्षेचं बोलून झाल्यावर म्हणाले, “पण पंधरा वर्षांनी कप आणला हं आपल्यांनी.”

सकाळी घरमालकांना निकाल सांगितला. त्यांनी विचारलं, “मग? तुझी टीम जिंकली की हरली?” मी म्हटलं, “बोथ.” ते मला वेड्यात काढतील असं वाटलं होतं. त्यांनी कॉफी ओतली आणि सिड ब्रीमच्या त्या धावेची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.

शिक्षण संपवून मी गावी आलो. येण्याआधीच, १ नोव्हेंबर २०१४ पासून, गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं होतं. मी उद्यमबागेतच काम धरलं. २०१९ च्या जूनमध्ये बाबांना घेऊन ऑटोनगरच्या मैदानावर गेलो, भारत अ आणि श्रीलंका अ यांची मॅच होती. पुण्याचा ऋतुराज गायकवाड सलामीला आला आणि त्याने १३६ चेंडूंत नाबाद १८७ काढल्या. महाराष्ट्राचा पोरगा, कर्नाटकाचं मैदान. आमच्या मागे बसलेली कॉलेजची पोरं कन्नडमध्ये ओरडत होती, पुढचे मराठीत, आणि चौकार गेला की फरक कळत नव्हता. बाबा पूर्ण वेळ उन्हात टोपी हातात धरून बसले होते. घालायची विसरले.

पायरेट्स मी सोडले नाहीत. २०१५ नंतर त्यांनी बाद फेरी पाहिलेली नाही, पण ते सोडायचं कारण नव्हे, हे मी त्या पायऱ्यांवर शिकलो आहे. तिकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमाराला लागते. बाबांची जाग त्याच वेळची. ते आता निवृत्त आहेत. फोनवर समालोचन हळू आवाजात लावून मी स्वयंपाकघरात बसतो, ते येऊन चहाचं आधण ठेवतात. बेसबॉल त्यांना अजून नीट समजलेला नाही. मारला की पळायलाच का पाहिजे, हे त्यांना पटत नाही.

मे २०२४ मध्ये पॉल स्कीन्स नावाच्या नव्या पिचरची पायरेट्सकडून पहिली मॅच होती. घरमालकांनी आठवडाभर आधीपासून निरोप पाठवले होते, चुकवू नकोस. मॅच आपल्या मध्यरात्रीनंतर सुरू झाली. पोरगा सुरेख खेळला, पण तो बाहेर गेल्यावर सगळं बिघडलं, आघाडी हातची गेली, आणि पावसाने दोन तासांहून जास्त खेळ थांबला. मी तसाच बसून राहिलो. उजाडलं, दूधवाला येऊन गेला. बाबा उठून आले, आधण ठेवलं. आठवड्याभरापूर्वीच्या मतदानाची शाई त्यांच्या बोटावर अजून होती.

“संपली नाही काय अजून?” त्यांनी विचारलं. “किती झाले आपले?”

“दहा,” मी म्हणालो. “त्यांचे नऊ. शेवटची इनिंग.”

ते उभेच राहिले. चहा उतू जायला आला तेव्हा मी उठून गॅस बंद केला, त्यांनी मान वळवली नाही. शेवटचा गडी बाद झाला. १०-९. त्या भिंतीवरचाच आकडा. दोन मिनिटांत फोन थरथरला.

“कोण?” बाबांनी विचारलं.

“पिट्सबर्गचे.”

“काय म्हणतात?”

“आपण जिंकलो म्हणतात.”